उन्हाळी धानाच्या बांधीत परतीचे वेडर कसे शोधायचे

गोंदिया-भंडाऱ्याकडे उन्हाळी धानाची रोवणी जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत चालते, कुठेकुठे मार्चचे पहिले दिवसही त्यातच जातात. नेमक्या याच दिवसांपासून एप्रिलपर्यंत तुतारी, टिलवे, पाणलावे, चिखल्या असे चिखलात चरणारे लांब पायांचे पक्षी उत्तरेकडे परतू लागतात. पक्षीनिरीक्षक या सगळ्यांना मिळून वेडर म्हणतात. त्यातले कित्येक सायबेरियात, काही तर त्याच्याही वरच्या टुंड्रात जाऊन अंडी घालणार असतात. आजूबाजूचं रान वाळत चाललेलं, हरभरा-लाखोळी काढणीला आलेली, आणि मधेच पाण्यानं तुडुंब भरलेल्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं. इतक्या लांबच्या प्रवासाची शिदोरी त्यांना इथेच मिळते. तलावाच्या पाळीवर दुर्बीण लावून बसलेल्या माणसाला यातले निम्मे पक्षी दिसत नाहीत, कारण ते पाळीच्या पलीकडे, रोवणीच्या चिखलात असतात.

म्हणून शोधाची सुरुवात पक्ष्यापासून करू नका, पाण्यापासून करा. "इकडे पक्षी कुठे दिसतात?" या प्रश्नाला गावात हमखास तलावाचं नाव मिळतं. "काल-परवा चिखलणी कुणाकडे झाली?" असं विचारलं, तर थेट बांधीपर्यंत पोचता येतं.

पाणी कुठे पोचलं ते आधी काढा

धरणात साठा पुरेसा असेल त्या वर्षी उन्हाळी धानाला नहराचं पाणी मिळतं. इटियाडोह धरणाच्या लाभक्षेत्रात हे चांगलं बघायला मिळतं. नसेल त्या वर्षी बोअर आणि मोटरपंपावर जमेल तेवढीच रोवणी होते. दोन्ही वर्षांत शोधायची पद्धत वेगळी. नहराचं पाणी सुटलं की मुखाकडच्या बांध्या आधी भरतात, टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्यापर्यंत पाणी पोचायला दिवस लागतात. रोवणीही त्याच क्रमानं खाली सरकते आणि पक्षीही तिच्यामागून. आठवडाभरापूर्वी जिथे दोनशे पक्षी होते तिथे आज पाचच असतील, तर ते निघून गेले असं धरू नका. वितरिकेच्या कडेनं दोन-चार किलोमीटर खाली जाऊन बघा. बोअरच्या वर्षी उलट, भिजलेल्या बांध्या विखुरलेल्या असतात, पण एकेका ठिकाणी गर्दी जास्त असते. अशा वर्षी मोटरसायकलवरून पांदणी-पांदणीनं फिरणं आणि बगळे उतरताना दिसले की थांबणं, हाच उपाय.

बांधीची अवस्था ओळखता आली की अर्धं काम झालं. नुसतं पाणी सोडून ढेकळं भिजत ठेवलेली बांधी वेडरना फारशी नको असते. ढेकळांमधलं पाणी खोल-उथळ असतं आणि खाद्य अजून मातीत दडलेलं असतं. मग केजव्हील, म्हणजे चिखलणीची लोखंडी चाकं, लावलेला ट्रॅक्टर फिरतो. त्या वेळी गायबगळे, ढोकरी, साळुंक्या ट्रॅक्टरच्या मागेमागे धावतात आणि नवख्या माणसाला वाटतं की हाच क्षण महत्त्वाचा. वेडरसाठी तो नाही. ट्रॅक्टर गेला, फळी फिरून चिखल समतल झाला, गढूळ पाणी एका रात्रीत निवळलं, की दुसऱ्या दिवशीची सकाळ त्यांची. चिखलणीनं वर आलेल्या अळ्या, गांडुळं, पाणकिडे आणि बारक्या गोगलगायी तेव्हा पृष्ठभागाजवळ असतात, आणि चोच खुपसायला चिखल लोण्यासारखा मऊ झालेला असतो. रोवणीनंतरही पंधरा-वीस दिवस बांधी चांगली राहते, कारण रोपांच्या चुडांमध्ये मोकळी जागा असते. धान फुटून पाणी झाकलं गेलं की टिलवे आणि चिखल्या आधी निघतात, तुतारी धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, कडेला सरकतात. पाणलाव्यांना मात्र तेव्हाच बरं वाटतं.

एक जागा बहुतेक जण सोडून देतात: पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची, बांधी. पऱ्हे उपटून नेल्यावर ती उघडी, पाण्यानं भरलेली तशीच पडून राहते आणि बरेचदा सगळ्यात शेवटी रोवली जाते. आजूबाजूचं शिवार हिरवं झालेलं असताना एवढाच एक चौकोन उघड्या चिखलाचा उरतो. शिवारात शिरल्यावर आधी तो शोधा.

खोली बोटांनी मोजा

कुठल्या बांधीत कोण असेल हे पाण्याच्या खोलीवरून बरंच आधी सांगता येतं. नुसता ओला चिखल ते बोटाच्या एका पेराएवढं पाणी, म्हणजे दोन-तीन सेंटिमीटर, ही टिलव्यांची आणि कंठेरी चिखल्यांची जागा. आडवी दोन-तीन बोटं पाणी असेल तर ठिपकेवाली तुतारी आणि रफ. चार बोटं ते अर्धी वीत पाण्यात हिरव्या पायाचा टिलवा, म्हणजे ग्रीनशँक, आणि मार्श सँडपायपर. त्याहून खोल असेल तर शेकाट्या, म्हणजे स्टिल्ट, आणि नशीब असेल तर मालगुजा, म्हणजे काळ्या शेपटीचा गॉडविट. रोवणीच्या बांध्या जिन्यासारख्या उतरत्या असतात, त्यामुळे एकाच धुऱ्यावरून वरच्या बांधीत टिलवे आणि खालच्या बांधीत शेकाटे दिसू शकतात. एकाच बांधीतही उंचवट्याचा कोपरा आणि पाणी बाहेर पडायचं तोंड, या दोन जागा नीट बघा. उंचवट्यावर लहान पक्षी बसतात आणि तोंडाशी वाहून आलेले किडे गोळा झालेले असतात.

कुठे उभं राहायचं, कधी

उजाडल्यापासून नऊपर्यंत आणि दुपारी साडेचारनंतर अंधार पडेपर्यंत. मार्चमध्ये या भागात सव्वासहाच्या आसपास सूर्य उगवतो आणि साडेनऊनंतर पाण्यावरची हवा थरथरायला लागते. तेव्हा दुर्बीण कितीही महागाची असली तरी पायाचा रंग आणि पिसांच्या कडा दिसत नाहीत. दुपारी पक्षी धुऱ्यावर एका पायावर, चोच पाठीत खुपसून उभे असतात. ही वेळ मोजणीला बरी, ओळखीला नाही.

सकाळी शिवाराच्या पूर्वेकडून शिरा, म्हणजे सूर्य पाठीशी राहतो. हे साधं वाटतं, पण ओळखीतल्या बहुतेक चुका उन्हाच्या विरुद्ध बघितल्यामुळेच होतात. समोरून ऊन असलं की प्रत्येक तुतारी काळपट दिसते आणि प्रत्येक काळपट तुतारी 'हिरवी' ठरते.

8×42 ची दुर्बीण पुरते. स्पॉटिंग स्कोप असेल तर 20-60 चा चालेल, पण 30 च्या पुढे जाऊन उपयोग नाही. हवेची थरथरही तेवढीच मोठी होते. तिपाई पांदणीच्या घट्ट मातीत रोवा. ओल्या धुऱ्यावर ती हळूहळू खचत जाते.

अंतर साठ-सत्तर मीटर ठेवा. रोवणीच्या बाया वीस मीटरवर वाकून काम करत असतात आणि तुतारी त्यांच्या बाजूला निवांत चरत असते. तोच पक्षी तुम्ही ऐंशी मीटरवर थबकलात की मान उंच करतो. कामाच्या लयीत हलणारं माणूस त्याच्या सवयीचं आहे, थांबून रोखून बघणारं नाही. म्हणून त्याच्या दिशेनं सरळ चालू नका. तिरकं चाला, मधे थांबायचं तर खाली बसा, झाडाची किंवा गाडीची आड घ्या. पांदणीत उभी केलेली गाडी किंवा मोटरसायकल हा सर्वांत चांगला आडोसा. पक्ष्यानं डोकं वरखाली झटकायला सुरुवात केली, म्हणजे तो उडायच्या बेतात आहे, तिथेच थांबा. आणि टिटवीवर लक्ष ठेवा. ती ओरडली की अख्खं शिवार उडतं, त्यामुळे ती जिथे बसली असेल त्या बाजूनं जाऊच नका.

परतीच्या दिवसांत पक्षी उडवणं हे एरवीपेक्षा जास्त वाईट. हजारो किलोमीटरच्या उड्डाणासाठी ते अंगावर चरबी चढवत असतात. प्रत्येक अनावश्यक उड्डाणात त्यातली थोडी जळते आणि चरण्याचा वेळ जातो तो वेगळाच. फोटोसाठी थवा उडवणाऱ्याला जागच्या जागी सांगा.

तीन तुतारी आधी पक्क्या करा

शिवारात सगळ्यांत जास्त गोंधळ तीन पक्ष्यांचा होतो, आणि हे तीन पक्के झाले की बाकीचे सोपे जातात.

ठिपकेवाली तुतारी, वुड सँडपायपर, ही रोवणीच्या चिखलाची खरी मालकीण. लांबी सुमारे वीस सेंटिमीटर. पाठीवर फिकट ठिपक्यांची दाट नक्षी, पाय पिवळट, आणि डोळ्यावरची पांढरट भुवई डोळ्याच्या बरीच मागेपर्यंत जाते. एप्रिलकडे पाठीवरचे ठिपके जास्त ठळक होतात. थव्यानं असते. उडताना "चिफ्-चिफ्-चिफ्" असं कोरडं, भराभर ओरडते.

हिरवी तुतारी, ग्रीन सँडपायपर, जरा भरदार, पाठ काळपट आणि ठिपके बारीक, लांबून नसल्यासारखेच. भुवई डोळ्यापाशीच संपते आणि डोळ्याभोवती पांढरं कडं दिसतं. ती बहुधा एकटी असते, उघड्या बांधीपेक्षा नहराच्या काठाला, चारीत, डबक्यात. उडाली की दोघींमधला फरक एका नजरेत कळतो: हिरवीच्या पंखांची खालची बाजू जवळपास काळी, ठिपकेवालीची फिकट. कमरेवर दोघींनाही पांढरा पट्टा असतो, त्यामुळे नुसता पांढरा पट्टा बघून नाव लिहू नका. हिरवीचा आवाज गोड आणि चढता, "ट्लुईट्-वीट्-वीट्".

सामान्य तुतारी, कॉमन सँडपायपर, बसलेली असताना शेपूट सतत वरखाली करते. छातीची पांढरी पिसं खांद्यापुढे खाचेसारखी वर चढलेली असतात. ही खाच नीट बघा, बाकी दोघींना ती नसते. उडताना पाण्याला लागून, पंख ताठ ठेवून, थरथरत जाते. कमरेवर पांढरा पट्टा नसतो, पंखांवर असतो.

उडणाऱ्या पक्ष्याचे सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाला सलग दहा-बारा फोटो घेतले, तर त्यातल्या एखाद्यात पंखाची खालची बाजू आणि कंबर मिळतेच. ओळखीसाठी बसलेल्या पक्ष्याच्या सुंदर फोटोपेक्षा हा धूसर फोटो मोलाचा.

पायाच्या रंगावर एकट्यावर विसंबू नका. चिखलानं सगळे पाय करडे होतात. पक्षी खोल पाण्यातून चालत बाहेर येईपर्यंत थांबा, पाय धुतलेले दिसतात. टिलव्यांत हे फार उपयोगी पडतं. छोटा टिलवा, लिटल स्टिंट, चिमणीएवढा, त्याचे पाय काळे आणि चाल लगबगीची. टेमिंकचा टिलवा तेवढाच, पण पाय पिवळट, रंग एकसारखा राखट, आणि वाकून हळूहळू सरकत चरणारा; उडताना "टिर्रर्र" असा किड्यासारखा आवाज काढतो. आकाराचा अंदाज एकट्या पक्ष्यावरून कधीच करू नका. शेजारी टिटवी किंवा शेकाट्या असेल तर त्याच्याशी ताडून बघा.

पाणलाव्यांत दोन. साधा पाणलावा, कॉमन स्नाइप, पायाखालून उडाल्यासारखा घोगरं "स्कॅप" ओरडत निघतो आणि नागमोडी जातो. पंखाच्या मागच्या काठावर पांढरी रेघ असते. पिनटेल स्नाइपला ती रेघ जवळपास दिसत नाही, उड्डाण जरा जड आणि सरळ, पंखांची खालची बाजू सारखी गडद पट्टेरी. बसलेले असताना दोघांत फरक करायचा मोह टाळा आणि नोंदीत नुसतं 'पाणलावा' लिहा. तेवढंच खरं असतं. पाणलावे दिवसा धुऱ्याच्या गवतात दबून बसतात आणि तिन्हीसांजेला चिखलात उतरतात, म्हणून संध्याकाळचा शेवटचा अर्धा तास त्यांच्यासाठी राखून ठेवा. त्याच वेळी रंगीत पाणलावाही बाहेर येतो. हा स्थानिक आहे, प्रवासी नाही. यात मादी जास्त रंगीत असते, अंडी उबवणं आणि पिल्लं सांभाळणं नराकडे.

ग्रीनशँकची चोच जाड आणि किंचित वर वळलेली, आवाज तीन ठोक्यांचा, "टिव्-टिव्-टिव्". मार्श सँडपायपर त्याचीच नाजूक आवृत्ती, चोच सुईसारखी सरळ. रफ फार फसवतो, कारण नर मादीपेक्षा ठळकपणे मोठा असतो आणि एकाच थव्यात दोन जाती आहेत असं वाटतं. लहान डोकं, लांब मान, पाठीवर खवल्यांसारखी पिसं, आणि उडताना शेपटीच्या दोन्ही बाजूंना पांढरे लंबगोल. कंठेरी चिखल्याच्या डोळ्याभोवती पिवळं कडं असतं, ते स्कोपमधून छान दिसतं.

वसंतात जुन्या ओळखीचे पक्षीही अनोळखी होतात. सोनचिखल्या हिवाळ्यात पिवळसर-तपकिरी असतो. मार्च-एप्रिलमध्ये त्याच्या पोटावर काळी पिसं येऊ लागतात आणि आधी तो ठिगळं लावल्यासारखा दिसतो. छोट्या टिलव्याच्या पाठीवर तांबूस झाक चढते, मालगुज्याची मान विटकरी होते. अर्धवट पिसारा बदललेला पक्षी दिसला की लगेच दुर्मीळ जात शोधायला जाऊ नका. आधी नेहमीच्या पक्ष्याचा मधला टप्पा असू शकतो का ते तपासा.

मोजणी आणि नोंद

थवा बसलेला असतानाच मोजा. दहा पक्षी नीट मोजून डोळ्यात तो आकार धरा आणि तेवढेतेवढे पुढे सरका. मोठ्या थव्यात हाच ठोका पन्नासाचा करा. दोनदा मोजा, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. चिखलात पाठ दिसत नाही म्हणून एकूण आकडा नेहमी कमीच भरतो. थवा उडून परत बसला की पुन्हा मोजल्यावर हे लक्षात येतं.

ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकताना शिवाराचं नाव द्या, जवळच्या तलावाचं नको. तलावाच्या नावाखाली टाकलेल्या नोंदीतून बांध्यांचं महत्त्व कधीच कळत नाही. टिपणात दोन गोष्टी आवर्जून लिहा: बांधीची अवस्था आणि पाण्याची अंदाजे खोली. पुढच्या वर्षी त्या तारखेला कुठे जायचं हे या दोन ओळी सांगतात.

पायात रंगीत पट्टी किंवा धातूचं कडं दिसलं तर कोणता पाय, मधल्या सांध्याच्या वर की खाली, पट्ट्यांचे रंग वरून खाली कुठल्या क्रमानं, आणि अक्षरं वाचता आली तर ती, एवढं लिहून फोटोसह मुंबईच्या बीएनएचएसकडे (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) पाठवा. डावा-उजवा पक्ष्याचा धरायचा, तुमचा नाही.

धुरा, तार आणि शेतकरी

शिवारात शिरण्याआधी विचारा. उत्तर जवळपास नेहमी "जा ना" असंच येतं, पण विचारण्यातून दोन गोष्टी कळतात. एक, फवारणी कधी झाली; ताज्या फवारणीच्या शेताच्या धुऱ्यावरून चालू नका. दुसरी जिवावरची: रानडुकरांसाठी काही ठिकाणी शेताभोवती तारेत चोरून वीज सोडलेली असते. यात दरवर्षी माणसं आणि जनावरं मरतात. अंधारात कुठलीही तार ओलांडू नका, हात लावू नका, आणि पहाटे लवकर पोचलात तरी उजाडेपर्यंत पांदणीवरच थांबा.

नवा लिंपलेला धुरा दिसायला घट्ट असतो, पण कडेवर एक पाय पडला की चीर जाते आणि रात्रीतून बांधी रिकामी होते. पाण्याची पाळी पुन्हा कधी येईल हे शेतकऱ्याच्या हातात नसतं. वाळून पांढरट झालेल्या जुन्या धुऱ्यांवरूनच चाला, मधोमध. गमबूट घालून बांधीत उतरायचा विचार सोडा. चिखल बूट धरून ठेवतो, आणि तुम्ही पऱ्हे तुडवता ते वेगळं. धुऱ्याच्या गवतात घोणस आणि नाग दोन्ही असतात, म्हणून पाऊल टाकण्याआधी जमीन बघा.

मार्चपासून टिटवी आणि शेकाट्याची घरटी धुऱ्यावर किंवा उंचवट्यावर असतात, अंडी बहुधा चार आणि मातीच्याच रंगाची. टिटवी डोक्यावर झेपा घालायला लागली तर आल्या पावली मागे फिरा. सारस दिसले तर दोनशे मीटरच्या आत जाऊ नका. महाराष्ट्रात ते जवळजवळ फक्त याच भागात उरले आहेत. शिवारात जाळं किंवा फास दिसला तर फोटो काढून वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा. पाणलाव्यांची शिकार पूर्वी उघड चालायची, आता ती 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे.

कोकणात किंवा गोव्यात ही पद्धत जशीच्या तशी लावू नका. तिथली वायंगणी, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भाताची, लावणी आधीच उरकते, त्यामुळे वसंतापर्यंत पीक उंच झालेलं असतं आणि वेडर खाजणाच्या, भरती-ओहोटीच्या चिखलाकडे गेलेले असतात. उजनी धरणाच्या काठावर पाणी ओसरेल तशी गाळपेर, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळातली पेरणी, सरकत जाते. तिथे पाण्याची रोजची कड शोधायची.

एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात बांध्या झाकल्या गेल्यावर मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या ओसरत्या काठाकडे वळा. म्हशी जिथे पाण्यात उतरतात, तिथे खुरांनी चिखल तुडवलेला असतो आणि शेवटचे टिलवे, तुतारी त्या खुरांच्या खळग्यांत चरताना सापडतात. संध्याकाळी सूर्य मावळायच्या आसपास थवा सारखा ओरडत, गोल फिरत उंच चढताना दिसला, तर घड्याळ बघा आणि वेळ, संख्या, दिशा लिहून घ्या. सकाळी त्या जागी बहुधा कोणी नसतं.